पॉलिप काढले, आता पुढे काय?

गेल्या अंकात घोरण्याबद्दल लिहिताना नाकातल्या पॉलिपवर मी जाता जाता दोनच ओळी लिहिल्या होत्या, आणि त्या दोन ओळींवर एवढी पत्रं आणि मेल आले की हा महिना पूर्ण त्यालाच द्यायचं ठरवलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत. ओपीडीत एका पेशंटच्या वाट्याला पाच-सात मिनिटं येतात, त्यात हे सगळं बोलून होत नाही, लोक अर्धवट ऐकून घरी जातात आणि मग वर्षभराने तेच नाक घेऊन परत येतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून इथे जरा सविस्तर.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. माझं वय 47, आमचं गाव मिरजेच्या पुढे. दोन वर्षं झाली दोन्ही नाकपुड्या बंद, रात्री तोंडाने श्वास, सकाळी उठल्यावर घसा कोरडा पडलेला. वास तर काहीच येत नाही. मागच्या महिन्यात दूध गॅसवर ठेवून मागे कपडे वाळत घालायला गेले, परत येऊन ओट्याकडे पाठ करून भाजी चिरायला बसले तरी मला पत्ता नाही, पातेलं काळं झालं आणि सासूबाई बाहेरच्या खोलीतून ओरडत आल्या, अगं करपलं की, वास येत नाही का तुला. तेव्हा मुलाने हाताला धरून दवाखान्यात नेलं. सीटीत दोन्हीकडे पॉलिप निघालेत, ऑपरेशन सांगितलंय. आधीचे डॉक्टर नाकाचं हाड वाढलंय म्हणायचे. शेजारच्या काकू म्हणतात आमच्या दिरांचं दोनदा केलं तरी परत आलं, कशाला करून घेतेस. हाड आहे का मांस आहे, आणि परतच येणार असेल तर करायचं कशाला?

उत्तर: ताई, आधी हाडाचं सांगते. आपल्याकडे कुठलंही नाक बंद झालं की हाड वाढलंय म्हणतात. त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. मधला पडदा वाकडा असणं ही एक, बाजूच्या भिंतीवरचे मांसल कंगोरे म्हणजे टर्बिनेट सुजणं ही दुसरी, आणि पॉलिप तिसरी. पॉलिप हाडाचे नसतात. सायनसच्या, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांच्या, आतल्या अस्तराला महिनोन् महिने सूज राहिली की ते अस्तर पाण्याने फुगतं आणि नाकात लोंबायला लागतं. दुर्बिणीतून बघितलं तर सोललेल्या द्राक्षासारखं दिसतं, फिकट आणि ओलं. टर्बिनेटला काडी लागली तर पेशंट दचकतो, पॉलिपला लागली तर त्याला कळतही नाही, कारण त्यात नसा जवळजवळ नसतातच. आणि दोन्ही बाजूंनी असलेले असे पॉलिप म्हणजे कॅन्सर नव्हे, ही भीती पत्रात तुम्ही लिहिली नाहीत पण प्रत्येकाच्या मनात असते म्हणून सांगितलं. तरी काढलेला तुकडा तपासणीला पाठवायचाच असतो, त्याचा रिपोर्ट मागून घ्या.

वासाच्या नसा नाकाच्या अगदी छताला असतात, पॉलिपमुळे हवाच तिथवर पोचत नाही, शिवाय सूज त्या नसांनाही त्रास देते. म्हणून दूध करपलेलं कळलं नाही. ताई, दुधाचं एकवेळ ठीक आहे पण घरात सिलेंडर आहे. गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात आणि तुम्हाला नेमकं तेच कळणार नाही. आजपासून रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करायचा, जमलं तर गॅस गळतीचा अलार्म बसवून घ्यायचा, आणि गळतीच्या तक्रारीचा 1906 नंबर ओट्याजवळ भिंतीवर लिहून ठेवायचा. सकाळचं पहिलं काम म्हणून सासूबाईंना स्वयंपाकघरात एक चक्कर मारायला सांगा, त्यांचं नाक शाबूत आहे!

आता परत येण्याचं. जुन्या घराच्या भिंतीला ओल असली की रंगाचे पोपडे येतात ना, पॉलिप म्हणजे ते पोपडे आणि अस्तराची सूज म्हणजे ती ओल. पोपडे खरवडून काढले म्हणून ओल जात नाही, पण पोपडे तसेच ठेवून वरून काही लावलं तर तेही भिंतीपर्यंत पोचत नाही. ऑपरेशनने नाक मोकळं होतंच, पण त्याचं खरं काम म्हणजे सायनसची तोंडं मोठी करून ठेवणं, म्हणजे त्यानंतर मिठाचं पाणी आणि स्प्रे आतपर्यंत जातो. काकूंच्या दिरांना एक विचारा, ऑपरेशननंतर ते नाक धूत होते का आणि स्प्रे किती दिवस मारला. बहुतेक वेळा उत्तर येतं की बरं वाटलं म्हणून महिन्याभरात बंद केलं.

खोटी आशा मात्र मी दाखवणार नाही. बेल्जियममध्ये ऑपरेशन झालेल्या 38 जणांना 12 वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा 30 जणांच्या नाकात कमी-जास्त पॉलिप परत दिसले. पण पुन्हा ऑपरेशन मात्र निम्म्याहून कमी लोकांना लागलं. म्हणजे परत येणं आणि परत त्रास होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा आजार डायबिटीस-बीपीसारखा सांभाळायचा आहे, एकदा काढून टाकून विसरायचा नाही.

आणि ऑपरेशनच्या आधी एक गोष्ट नक्की बघा, औषधं नीट झालीत का. रोज नाक धुणं आणि नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे असं दोन-तीन महिने मनापासून करायचं, मोठे पॉलिप असतील तर सुरुवातीला आठ-दहा दिवस पोटातून स्टिरॉइडच्या गोळ्या देतात, त्याने पॉलिप आकसतात आणि कित्येकदा वास तात्पुरता परतही येतो. तो तात्पुरता आला तर ती चांगली खूण समजा, म्हणजे नसा जिवंत आहेत. हे सगळं करूनही नाक बंदच असेल तर ऑपरेशन करून घ्यावं असंच मी माझ्या बहिणीलाही सांगीन. चेहऱ्यावर चिरा नसतो, दुर्बिण नाकपुडीतून जाते, पूर्ण भूल देतात, साधारण दीड-दोन तास लागतात, बहुतेक जण दुसऱ्या दिवशी घरी जातात. जुन्या लोकांनी ऐकलेलं तारेच्या फासाने पॉलिप ओढून काढणं वेगळं, त्यात आतली सायनस तशीच बंद राहायची. दुर्बिणीची पद्धत ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या मेसरक्लिंगर यांच्या कामातून पुढे आली आणि 1985 च्या सुमारास अमेरिकेत केनेडी यांनी तिला आज आपण फेस (FESS, दुर्बिणीतून सायनसचं ऑपरेशन) म्हणतो ते नाव दिलं. धोका शून्य नाही, डोळ्याची भिंत तिथे कागदाइतकी पातळ असते आणि वर मेंदूचं आवरण असतं, पण गंभीर गोष्टी क्वचित होतात आणि सीटी त्यासाठीच आधी काढतात, तो सर्जनसाठी नकाशा असतो. ऑपरेशनच्या दिवशी ती फिल्म घरी विसरू नका.

प्रश्न: मी 29, पुण्यात आयटीत आहे. पॉलिप लहान आहेत म्हणे, डॉक्टरांनी स्टिरॉइड स्प्रे दिलाय पण आई म्हणते स्टिरॉइड अजिबात नको, हाडं ठिसूळ होतात. मी ते न घेता मेडिकलमधून नाक उघडायचे थेंब घेतो, तीन वर्षं झाली, दोन मिनिटांत नाक उघडतं. आता मात्र दर तीन-चार तासांनी लागतात, बाटली खिशात नसली तर घाबरायला होतं. काय करू?

उत्तर: दादा, तुझी आई काळजीपोटी बोलतेय पण इथे भीती चुकीच्या बाटलीची बसलीय. तू जे घेतोयस ते झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असणार. ते रक्तवाहिन्या आवळतं म्हणून नाक लगेच उघडतं, पण पाच-सात दिवसांपेक्षा जास्त घेतलं की औषध उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त बंद होतं आणि मग परत थेंब, परत बंद. तुझं आत्ताचं अर्धं नाक पॉलिपमुळे बंद नसून त्या थेंबांमुळे बंद असण्याची दाट शक्यता आहे. पॉलिपवर त्याचा काडीचा उपयोग नाही.

स्टिरॉइडच्या स्प्रेचं गणित समजून घे आणि आईलाही वाचून दाखव. गोळीत औषध मिलिग्रॅममध्ये असतं, स्प्रेमध्ये मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे हजारावा भाग. मोमेटाझोनच्या एका फवाऱ्यात 50 मायक्रोग्रॅम असतं आणि त्यातलं एक टक्कासुद्धा रक्तात जात नाही. हाडं ठिसूळ, साखर वाढणं, वजन वाढणं हे प्रश्न गोळ्यांचे, त्याही वारंवार आणि जास्त दिवस घेतल्या तर. त्यामुळे गोळ्यांचा कोर्स वर्षात एखाद-दुसऱ्या वेळेपेक्षा जास्त नको, आणि दर सर्दीला जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणणारे लोक आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की असं करू नका, डायबिटीस असेल तर अजिबातच नको. स्प्रेने फार तर नाक कोरडं पडतं, कधी थोडं रक्त येतं, आणि तेही बऱ्याचदा मारायची पद्धत चुकल्यामुळे.

पद्धत अशी. आधी नाक मिठाच्या पाण्याने धुवायचं, दहा मिनिटं थांबायचं. मान थोडी खाली, आरशात वर बघत नाही मारायचा. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, म्हणजे तोटी आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेला जाते आणि मधल्या पडद्यावर मारा होत नाही. जोरात ओढायचं नाही, ओढलं की सगळं घशात जातं आणि कडू लागतं. दोन मिनिटांत काही होणार नाही, फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, त्याआधी सोडलास तर न घेतल्यासारखंच. थेंब सोडताना एकदम दोन्ही बाजूंचे जमत नसतील तर आधी एकाच नाकपुडीचे बंद कर, ती सुधारली की दुसरीचे. पहिला आठवडा वाईट जाईल, झोप नीट लागणार नाही, ते तुझ्या डॉक्टरांना सांग, त्या काळासाठी ते मदत करू शकतात.

प्रश्न: माझ्या वडिलांचं, वय 61, पॉलिपचं ऑपरेशन होऊन आज आठवा दिवस. नाकातून काळपट खपल्या आणि तांबूस पाणी येतंय, डोकं जड वाटतं म्हणतात, नाक तर ऑपरेशनच्या आधीपेक्षा जास्त बंद वाटतंय त्यांना. डॉक्टरांनी शिंकरू नका म्हणून सांगितलं होतं पण बाथरूममध्ये जाऊन शिंकरतात. आई रोज वाफ देते. दही, केळी, भात सगळं बंद केलंय. आणि दरवर्षी वारीला जातात, या वर्षी पालखी निघायला बारा दिवस राहिलेत, मी जाणारच म्हणतात. मिश्रीही सुटलेली नाही. कसं समजावू?

उत्तर: हा प्रश्न वाचून मला माझ्या कितीतरी पेशंटचे वडील आठवले. आधी धीर देते, जे होतंय त्यातलं बहुतेक अपेक्षित आहे. ऑपरेशननंतर आतलं सगळं अस्तर सुजलेलं असतं, त्यात रक्ताच्या गुठळ्या आणि चिकट शेंबूड वाळून खपल्या होतात, त्यामुळे पहिले दहा-पंधरा दिवस नाक आधीपेक्षा जास्त बंद वाटतं आणि पेशंटला वाटतं फसवलं आपल्याला. तांबूस पाणी आठ-दहा दिवस येऊ शकतं. डोकं जड वाटणंही त्यातलंच.

पॅकबद्दल ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय त्यांच्यासाठी इथेच सांगून टाकते, कारण लोक सगळ्यात जास्त त्यालाच घाबरतात. रक्त थांबावं म्हणून नाकात स्पंजचं पॅक ठेवतात, एक-दोन दिवस. तेवढा वेळ श्वास तोंडानेच, ओठ सुकतात, डोळ्यांतून पाणी येतं, घास गिळताना कानात दडा बसतो. जवळ ओल्या रुमालाची घडी आणि पाण्याची बाटली ठेवायची, घोट घोट घ्यायचं. पॅक काढताना वाटतं त्यापेक्षा लांब निघतं आणि डोळ्यात पाणी येतंच, पण काही सेकंदांचं काम असतं आणि लगेच जी पहिली हवा आत जाते ना, त्या वेळचा पेशंटचा चेहरा बघण्यासारखा असतो. तासाभरात मात्र सूज येऊन परत जाम होतं, तेव्हा निराश व्हायचं नाही. आता काही सर्जन आपोआप विरघळणारं पॅक वापरतात किंवा ठेवतच नाहीत, ऑपरेशनच्या आधी विचारून घ्या.

आता बाबा. शिंकरणं दोन आठवडे पूर्ण बंद, याला सूट नाही. जोराने शिंकरलं की आतली कोवळी जागा फाटून रक्त येतं आणि हवा डोळ्याभोवतीच्या कातडीत घुसू शकते, एका रात्रीत डोळा सुजून बसतो. शिंक आली तर दाबायची नाही, तोंड मोठं उघडून शिंकायचं. खपल्या बोटाने किंवा रुमालाच्या टोकाने काढायच्या नाहीत, त्या मऊ करायला मिठाचं पाणी आहे, दिवसातून तीन-चार वेळा, आणि राहिलेल्या डॉक्टर दुर्बिणीतून साफ करतात. ही साफसफाईची व्हिजिट लोक चुकवतात, पैसे वाचवतात, आणि तिथेच खपल्यांखाली अस्तर एकमेकांना चिकटून सायनसची नवी तोंडं बंद होतात. साधारण पहिल्या आठवड्यात एकदा, मग दोन-तीन आठवड्यांनी, नंतर डॉक्टर सांगतील तसं. थोडं दुखतं, निघण्याआधी डॉक्टरांनी चालेल म्हटलेली वेदनाशामक गोळी घेऊन जायचं.

झोपताना दोन उशा, डोकं उंच. खाली वाकून वजन उचलायचं नाही, पाण्याची घागर, पोतं, गॅसचं सिलेंडर काहीच नाही. पोट साफ राहील असं खायला द्या, कारण कुंथलं की नाकातल्या रक्तवाहिन्यांवरही जोर येतो. दही-केळी-भात बंद करायचं काहीच कारण नाही, थंड खाल्ल्याने पॉलिप वाढत नाहीत. मऊ वरणभात, ताक, केळं, सगळं द्या, फक्त पहिले काही दिवस वाफाळता चहा किंवा झणझणीत रस्सा नको, त्याने रक्त येऊ शकतं. त्याच कारणाने गरम वाफसुद्धा आईंना सध्या थांबवायला सांगा, वाफेचं जे काम आहे ते मिठाचं पाणी जास्त चांगलं करतं. मिश्री, तपकीर, विडी हे सगळं नाकाच्या भरणाऱ्या जखमेवर रोज विटकर घासल्यासारखं आहे. बाबांना सुटत नसेल तर रागावू नका, पण निदान हा महिनाभर तरी, आणि सोडायला मदत लागली तर जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडवण्याचं केंद्र असतं तिथे घेऊन जा.

वारी. मी नाही म्हणणार नाही कारण मला माहितीय नाही म्हटलं तरी ते जाणार आणि मग औषधं घरी ठेवून जाणार. पालखी निघेल तेव्हा त्यांना वीस दिवस झालेले असतील, नोकरीवर बसून काम करणाऱ्याला एवढ्यात परवानगी देतो आपण, पण धूळ, पाऊस, उघड्यावर झोपणं, डोक्यावर पिशवी आणि पाण्याचा भरवसा नाही, हे सगळं तीन आठवडे म्हणजे फार होतं. निघण्याच्या दोन दिवस आधी दुर्बिणीने तपासून घ्या आणि डॉक्टरांच्या तोंडून बाबांनाच ऐकू दे. माझ्या पेशंटना मी असं सांगते की या वर्षी शेवटच्या टप्प्यात जाऊन मिळा, वाखरीला, तिथून पंढरपूर जवळच आहे आणि चालण्याचा आनंदही मिळतो. जाताना मास्क, स्प्रे, मिठाच्या पुड्या मोजून, आणि धुवायला बाटलीबंद नाहीतर उकळलेलं पाणीच.

ही लक्षणं मात्र एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा, यातलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल. धुरकट किंवा दोन-दोन दिसणं, डोळा सुजणं किंवा पुढे आल्यासारखा वाटणं, मान आखडून जबरदस्त डोकेदुखी, ताप, आणि पुढे वाकल्यावर एका बाजूने नळासारखं स्वच्छ पाणी गळणं, खारट लागणारं. ते सर्दीचं पाणी नसून मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. लाल ताजं रक्त वाहायला लागलं तर आडवं झोपवायचं नाही, पुढे झुकून बसवायचं, घशात आलेलं थुंकायला सांगायचं, कपाळावर बर्फ, आणि पंधरा मिनिटांत थांबलं नाही तर निघायचं.

प्रश्न: मला दमा आहे, पॉलिपही आहेत. मागे दाढ दुखत होती म्हणून मेडिकलमधून गोळी घेतली, तासाभरात नाक गच्च, चेहरा लाल आणि असा दम लागला की ऑक्सिजन लावावा लागला. पॉलिपचं ऑपरेशन व्हायचंय, हे भूलतज्ज्ञांना सांगायला हवं का?

उत्तर: सांगायलाच हवं, सगळ्यात आधी, आणि ऑपरेशनच्या फाइलवर लाल पेनाने लिहून घ्या. दमा, पॉलिप आणि अॅस्पिरिन गटाच्या वेदनाशामकांनी होणारी अशी रिअॅक्शन, हे तीन एकत्र असणारे लोक असतात. फ्रान्समध्ये विदाल यांनी 1922 सालीच हे नोंदवलं होतं, पुढे 1968 मध्ये अमेरिकेत सॅम्टर यांनी नीट मांडलं म्हणून त्यांच्या नावाने ओळखतात. ही नेहमीची अॅलर्जी नव्हे, शरीराची एक रासायनिक वाटच वेगळी चालते. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या सगळ्यांनी होऊ शकतं, एकट्या तुम्ही घेतलेल्या गोळीने नाही, आणि आयब्युप्रोफेन कितीतरी ताप-अंगदुखीच्या एकत्र गोळ्यांमध्ये मिसळलेलं असतं म्हणून पाकिटामागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय काही घ्यायचं नाही. पॅरासिटामॉल 500 बहुतेकांना चालतं, पण तेही तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. काहींना दारूच्या घोटानेही असाच त्रास होतो. या प्रकारात पॉलिप लवकर परत येतात, म्हणून तुम्हाला स्प्रे आणि तपासण्या इतरांपेक्षा जास्त काटेकोर, आणि दमा पूर्ण आटोक्यात आल्याशिवाय ऑपरेशन टेबलवर जायचं नाही. हृदयासाठी अॅस्पिरिन घेणाऱ्या बाकी वाचकांनी मात्र हे वाचून गोळी स्वतःहून बंद करू नये, विशेषतः स्टेंट असेल तर.

प्रश्न: मुलगा 14 वर्षांचा, डावीच नाकपुडी बंद, रात्री घोरतो. डॉक्टर म्हणाले एकाच बाजूचा पॉलिप आहे, औषधाने जाणार नाही. एवढ्या लहान वयात ऑपरेशन?

उत्तर: एका बाजूचा असेल तर त्याला मी नेहमी वेगळ्या नजरेने बघते. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये गालाच्या सायनसमधून एकच पॉलिप निघून मागे घशाकडे लोंबतो, त्यावर स्प्रेचा खरंच फार उपयोग नसतो, ऑपरेशनच लागतं. त्याचं देठ गालाच्या सायनसमधून मुळापासून काढलं तर तो सहसा परत येत नाही. वय आड येत नाही. एक विचारा, त्याच बाजूने घोळणा फुटून भरपूर रक्त येतं का? या वयाच्या मुलग्यांमध्ये रक्तवाहिन्यांची एक गाठ असते जी पॉलिपसारखी दिसते, तिचा तुकडा ओपीडीत काढायचा नसतो, आधी स्कॅन. मोठ्यांमध्येही एकाच बाजूला असेल, रक्त येत असेल, तर स्कॅन आणि तुकड्याची तपासणी टाळायची नाही.

प्रश्न: जलनेती करते, नळाच्या पाण्याने. चालेल ना? आणि अमेरिकेतला भाऊ म्हणतो तिकडे पॉलिपला इंजेक्शन निघालंय, ऑपरेशनच नको.

उत्तर: जलनेती चांगलीच, आपल्याकडची ही जुनी गोष्ट आता जगभरचे ईएनटी, म्हणजे कान-नाक-घशाचे डॉक्टर, लिहून देतात. पण नळाचं कच्चं पाणी नको. केरळमध्ये गेल्या काही वर्षांत अमीबाने झालेल्या मेंदूज्वराच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, तो अमीबा गोड्या पाण्यातून नाकावाटेच वर जातो. प्यायलेल्या पाण्याने होत नाही, नाकात गेलेल्या पाण्याने होतो. क्वचित होतो पण झाला तर वाचणं अवघड. एक-दोन मिनिटं खळखळून उकळायचं, झाकून कोमट होऊ द्यायचं. अर्ध्या लिटरला पाऊण ते एक सपाट छोटा चमचा मीठ, चिमूटभर खायचा सोडा टाकला तर झोंबत नाही. भांडं रोज धुऊन सुकवायचं. ऑपरेशननंतर तोटीच्या लोट्याने कधी सुरू करायचं ते सर्जनला विचारा, आणि जखम भरेपर्यंत नाकात तूप-तेल कोणी कितीही आग्रह केला तरी घालू नका.

भाऊ बरोबर सांगतोय. ड्युपिलुमॅब नावाचं इंजेक्शन, अमेरिकेत जून 2019 मध्ये पॉलिपसाठी मंजूर झालं, दर दोन आठवड्यांनी कातडीखाली घ्यायचं. ज्यांचे पॉलिप ऑपरेशन करूनही परत परत येतात, दमाही आहे, वास गेलाय, अशांना त्याने खूप फरक पडतो. पण बंद केलं की अनेकांचा त्रास परततो आणि खर्च आपल्या मध्यमवर्गीय घराला झेपणारा नाही, म्हणून पहिला उपाय म्हणून मी सुचवत नाही. जाता जाता, मेडिक्लेम असेल तर आधी कागद वाचा, बऱ्याच पॉलिसींत सायनस आणि पॉलिपच्या ऑपरेशनला पहिली दोन वर्षं क्लेम मिळत नाही. तो नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजचा ईएनटी विभाग गाठा आणि तिथल्या आरोग्यमित्राला सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा, लाज वाटून घेऊ नका.

प्रश्न: ऑपरेशन होऊन तीन महिने झाले, नाक मोकळं आहे, श्वास छान. पण वास अजून आला नाही. फोडणीचा नाही, पावसाच्या मातीचा नाही, नातीच्या डोक्याच्या तेलाचाही नाही. आता येणारच नाही का?

उत्तर: काकू, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वास जाणं हे डोळ्यांना दिसत नाही म्हणून घरच्यांना त्याचं गांभीर्य कळत नाही, जेवणातली अर्धी गोडी जाते, माणूस गप्प होतो. तीन महिने म्हणजे उशीर झालेला नाही, काहींना सहा महिने-वर्ष लागतं. काहींना पूर्ण येत नाही हेही खरं. आधी दुर्बिणीने छताजवळची जागा तपासून घ्या, तिथे थोडी सूज उरली असेल तर औषध बदलून फरक पडतो.

त्याच्या जोडीला वासाचा सराव करा. जर्मनीत ड्रेस्डेनच्या हुमेल यांनी 2009 मध्ये हा मांडला, त्यात चार वास घेतले होते, गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग. चारही आपल्या घरातले. चार छोट्या झाकणाच्या बाटल्या घ्या, एकीत गुलाबाचं अत्तर कापसावर, एकीत निलगिरीचे दोन थेंब, एकीत लिंबाची ताजी साल, एकीत चेचलेल्या लवंगा. सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री झोपताना, एकेक बाटली दहा-पंधरा सेकंद नाकाखाली, हळू श्वास, आणि त्या वेळी टीव्ही बंद. लवंग हुंगताना लवंग आठवायची, मसालेभातात दाताखाली आलेली. काही आलं नाही तरी आठवायचं. हे निदान तीन महिने रोज, मधे खंड नको, सालं आणि लवंगा आठवड्याला बदलायच्या.

कॅलेंडरवर रोज एक खूण करा, काही जाणवलं तर काय ते लिहा. पहिल्यांदा वास येतो तो बऱ्याचदा चुकीचा येतो, लिंबू जळकट लागतं, कॉफी कुजकट, तेव्हा घाबरून थांबू नका, नसा जुळतायत त्याची ती खूण असते. नातीला बाटल्या उघडून द्यायचं काम द्या, डोळे मिटून बसा आणि कुठली ते तुम्ही ओळखायचं. तीन महिन्यांनी ते कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि मलाही कळवा.